हवामानबदलावरील सरकारी संशोधन आणि तंत्रज्ञान कार्यक्रमांचा समन्वय कसा करावा

हवामानबदलावरचे सरकारी काम कोणत्याही देशात एका खात्यात मावत नाही. निरीक्षणे हवामान खात्याकडे असतात, उपग्रह अंतराळ संस्थेकडे, पिकांवरील प्रयोग कृषी संशोधन केंद्रांकडे आणि नव्या ऊर्जा तंत्रज्ञानाचा निधी ऊर्जा मंत्रालयाकडे. या सर्वांची सांगड घालण्याचे काम ज्या अधिकाऱ्याकडे किंवा कक्षाकडे येते, त्याच्या हातात बहुधा यांपैकी एकाही कार्यक्रमाची तिजोरी नसते. हा लेख अशा समन्वय कक्षासाठी आहे.

नेहमी होणारी चूक क्रमाची असते. आधी समिती स्थापन होते, मग बैठका होतात, मग प्रत्येक विभागाकडून चालू प्रकल्पांची माहिती मागवली जाते आणि शेवटी त्या माहितीला शोभतील अशी उद्दिष्टे लिहिली जातात. खालील क्रम जवळजवळ याच्या उलट आहे. विभागांच्या अर्थसंकल्पी मागण्या पक्क्या होण्याआधी जे ठरते त्यालाच समन्वय म्हणता येते. त्यानंतर जे चालते ते संकलन असते, ही गोष्ट प्रत्येक पायरीवर ध्यानात ठेवावी.

## पूर्वतयारी : काम सुरू करण्याआधी हाती काय हवे

पहिली गरज लेखी अधिकाराची. आदेशात कक्षाला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत मिळाल्या पाहिजेत: सहभागी विभागांकडून ठरलेल्या मुदतीत आणि ठरलेल्या नमुन्यात माहिती मागवण्याचा अधिकार, विभागांच्या अर्थसंकल्पी मागण्या वित्त खात्याकडे जाण्यापूर्वी पाहून त्यांवर लेखी अभिप्राय देण्याचा अधिकार, आणि मतभेद मिटला नाही तर तो कोणत्या वरिष्ठ पदाकडे किती दिवसांत जाईल याची तरतूद. यांपैकी दुसरा अधिकार मिळवणे सर्वांत कठीण असते. तो नसेल तर पुढील पायऱ्यांपैकी निम्म्या कागदावरच राहतात, म्हणून सुरुवातीचा सगळा आग्रह तेथेच धरावा.

दुसरी गरज माणसांची. किमान एक शास्त्रज्ञ, एक तंत्रज्ञान विकासाचा अनुभव असलेली व्यक्ती आणि एक लेखाशीर्षे, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाची खाती, वाचता येणारा अधिकारी पूर्णवेळ हवा. तिसऱ्या व्यक्तीकडे जवळजवळ सर्वत्र दुर्लक्ष होते आणि मग कक्षाला विभागांनी दिलेले आकडे निमूटपणे मान्य करावे लागतात. तिसरी गरज अर्थसंकल्पाच्या वेळापत्रकाची: मागण्या कधी तयार होतात, विभागांतर्गत छाननी कधी होते, वित्त खात्याशी चर्चा कधी होते आणि पुरवणी मागण्यांची संधी कधी असते, हे तारखांसह लिहून भिंतीवर लावावे.

इशारा. कायद्यात मुदत लिहिली म्हणजे ती पाळली जाते, असे नाही. अमेरिकेच्या १९९०च्या जागतिक बदल संशोधन कायद्याने दहा वर्षांची संशोधन योजना आणि किमान दर चार वर्षांनी एक राष्ट्रीय मूल्यांकन बंधनकारक केले. पहिले मूल्यांकन २००० साली आले. त्यानंतरचे २००४ मध्ये अपेक्षित असताना आले नाही. २००२ साली उभारलेल्या हवामानबदल विज्ञान कार्यक्रमाने एकसंध मूल्यांकनाऐवजी २१ स्वतंत्र अहवालांची योजना आखली होती. अखेर २००७ मध्ये न्यायालयाने आदेश दिला आणि मूल्यांकन २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा मुदतीसोबत ती पाळण्यास जबाबदार असलेले पदही आदेशात लिहून घ्यावे.

## पायरी १ : निर्णयांपासून प्रश्नांकडे या

प्रश्नांची यादी शास्त्रज्ञांकडे मागू नये आणि विभागप्रमुखांकडे तर मुळीच मागू नये. शास्त्रज्ञ आपल्या विषयाची पुढची पायरी सांगतील आणि विभागप्रमुख चालू प्रकल्पांची नावे प्रश्नचिन्ह लावून पाठवतील. सुरुवात त्या लोकांपासून करावी ज्यांना येत्या काही वर्षांत खर्चाचे किंवा नियमांचे निर्णय घ्यायचे आहेत: धरणाचे पाणी कधी सोडायचे हे ठरवणारे, किनाऱ्यावरील बांधाची उंची ठरवणारे, वीजजाळ्याची वीस वर्षांची आखणी करणारे, बियाण्यांच्या वाणांना मान्यता देणारे आणि उत्सर्जनाची मानके लिहिणारे.

प्रत्येक प्रश्न चार भागांत लिहावा: निर्णय कोणाचा, निर्णय कोणता, तो कधीपर्यंत घ्यावा लागेल आणि त्यासाठी उत्तर किती अचूक असावे लागेल. चौथा भाग गाळण्याची चूक सर्रास होते आणि तीच सर्वांत महाग पडते. बांधाची उंची ठरवणाऱ्याला समुद्रपातळीतील वाढीचा सरासरी अंदाज पुरत नाही, त्याला वरच्या टोकाची शक्यता हवी असते. पीक सल्ला देणाऱ्याला शतकाअखेरच्या पावसाशी देणेघेणे नसते, त्याला पुढील हंगामाचा अंदाज हवा असतो. या दोघांसाठी लागणारे संशोधन, संगणन आणि निरीक्षणे सर्वस्वी वेगळी आहेत, आणि हा फरक याच पायरीवर टिपला नाही तर पुढे एकाच ‘हवामान अंदाज’ या शीर्षकाखाली दोन्ही गोष्टी गुंडाळल्या जातात.

विज्ञानाचे आणि तंत्रज्ञानाचे प्रश्न एकाच तक्त्यात ठेवावेत. दोन तक्ते केले की दोन समित्या होतात, आणि दोन समित्या झाल्या की सहाव्या पायरीवरील हस्तांतरणाचा बोजवारा आधीच ठरलेला असतो.

तपासणी. यादीतील कोणताही एक प्रश्न उचलून विचारावे: याचे उत्तर आले तर कोणाचा कोणता निर्णय बदलेल? उत्तर देता आले नाही तर तो प्रश्न वैज्ञानिक कुतूहलाचा आहे. त्याला निधी मिळू नये असे नाही, पण तो या यादीत नको.

## पायरी २ : नोंदवही तयार करा, पण आधी व्याख्या ठरवा

ही पायरी वेळ खाते, आणि तो वेळ देणे योग्यच आहे. कोणत्या विभागात कोणता प्रकल्प चालू आहे, त्याला किती निधी आहे आणि तो कधी संपतो याची एक विश्वासार्ह नोंदवही हे समन्वय कक्षाचे एकमेव खरे बळ असते. निधी इतरांच्या हातात असला तरी संपूर्ण चित्र फक्त कक्षाजवळ असेल, तर विभागांना कक्षाकडे यावेच लागते.

पहिला प्रश्न असा की हवामानबदलाचा कार्यक्रम कशाला म्हणायचे. दैनंदिन हवामान अंदाजासाठी सोडलेला उपग्रह हवामानबदलाच्या नोंदींनाही उपयोगी पडतो. मग त्याचा किती खर्च येथे धरायचा? अणुऊर्जेवरील संशोधन, मृदसंधारण, रेल्वेचे विद्युतीकरण यांचे काय? यावर प्रत्येक विभाग स्वतःच्या सोयीने उत्तर देतो: निधी मागताना सर्व काही हवामानबदलाचे असते आणि कपातीची चर्चा निघाली की काहीच नसते.

यासाठी तीन वर्ग पुरतात. ज्या प्रकल्पाचा मुख्य हेतूच हवामानबदल हा आहे आणि तो हेतू काढला तर प्रकल्प उरणार नाही, तो पहिला वर्ग. ज्यात हवामानबदल हा महत्त्वाचा पण दुय्यम हेतू आहे, तो दुसरा. ज्याचा लाभ केवळ ओघाने मिळतो, तो तिसरा. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना विकास मदतीची नोंद करताना अशीच मुख्य, लक्षणीय आणि निरंक अशी तीन चिन्हे वापरते. मात्र त्या पद्धतीतील एक खाचखळगा ओळखून ठेवावा: ‘लक्षणीय’ वर्गातील प्रकल्पाचा संपूर्ण खर्च एकूण बेरजेत धरला की आकडा फुगतो. म्हणून तिन्ही वर्गांच्या बेरजा नेहमी वेगवेगळ्या दाखवाव्यात आणि त्यांची एकत्रित बेरीज छापूच नये, कितीही आग्रह झाला तरी.

संशोधन म्हणजे काय हेही ठरवावे लागते. मूलभूत संशोधन, उपयोजित संशोधन आणि प्रायोगिक विकास असे तीन भाग करणारी याच संघटनेची फ्रास्काटी नियमावली बहुतेक देशांची सांख्यिकी खाती आधीपासून वापरतात, तेव्हा नवी व्याख्या घडवण्याचा मोह टाळावा. नित्याची निरीक्षणे आणि उपकरणांची देखभाल या व्याख्येत नीट बसत नाहीत, पण हवामान संशोधनाचा तो कणा असल्यामुळे त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.

व्याख्या मध्येच बदलल्याने काय होते, याचे उदाहरण नोंदलेले आहे. अमेरिकेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००५ साली दाखवले की हवामानबदलावरील संघीय खर्च १९९३ मधील २.३५ अब्ज डॉलरवरून २००४ मध्ये ५.०९ अब्ज डॉलरवर गेल्याचे अहवाल सांगत होते. कागदावर ही ११६ टक्के वाढ होती. महागाई वजा केल्यावर ती ५५ टक्के उरली. त्यातही अहवालांचा नमुना आणि त्यांत धरलेल्या बाबी वेळोवेळी बदलल्यामुळे खर्च प्रत्यक्षात इतका वाढला की नाही, हे निश्चित सांगता येत नव्हते.

किमतींचा पाया हा वेगळा सापळा आहे. कोळशावर चालणाऱ्या आणि कार्बन साठवणाऱ्या ‘फ्यूचरजेन’ या अमेरिकी प्रात्यक्षिक प्रकल्पाची २००८ मध्ये फेररचना झाली, तेव्हा खर्च ९५ कोटी डॉलरवरून १८० कोटी डॉलर, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाल्याचे कारण देण्यात आले. पुढील वर्षीच्या लेखापरीक्षणात आढळले की पहिला आकडा २००४च्या स्थिर किमतींतला, म्हणजे पुढची महागाई न धरलेला होता आणि दुसऱ्यात २०१७ पर्यंतची महागाई धरलेली होती. एकाच पायावर मोजल्यास वाढ सुमारे ३९ टक्के होती. इतक्या मोठ्या निर्णयामागे इतकी साधी तुलना चुकलेली असू शकते, हे लक्षात घेऊन नोंदवहीतील प्रत्येक रकमेपुढे किमतीचे वर्ष लिहिणे सक्तीचे करावे.

प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात: पायरी १ मधील प्रश्नाचा क्रमांक, प्रमुख संस्था, लेखाशीर्ष, वर्षनिहाय मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च, सुरुवात आणि समाप्तीची तारीख, कामाचा टप्पा, तयार होणारा डेटा आणि तो कोठे राहणार, आणि इतर कोणत्या प्रकल्पावर हे काम अवलंबून आहे. शेवटचा रकाना विभाग बहुधा रिकामा सोडतात. तो दूरध्वनी करून भरून घ्यावा, कारण समन्वयाचे निम्मे प्रश्न त्या एका रकान्यात दडलेले असतात.

इशारा. एकच निधी दोनदा मोजला जाण्याचा धोका मोठा असतो. मंत्रालय संशोधन संस्थेला अनुदान देते आणि दोघेही तीच रक्कम आपल्या नावावर दाखवतात. ‘ज्याच्या लेखाशीर्षातून पैसा निघतो, त्याचीच नोंद’ हा एकच नियम ठेवावा.

तपासणी. नोंदवही पूर्ण झाल्यावर काही नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि त्यांचे आकडे मंजूर अर्थसंकल्पाशी व प्रत्यक्ष खर्चाच्या लेख्यांशी ताडून पाहावेत. तफावत मोठी असेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नये.

## पायरी ३ : उणिवा शोधा, दुबार कामांबाबत घाई करू नका

आता प्रश्नांचा तक्ता आणि नोंदवही शेजारी ठेवावी. कोणत्या प्रश्नाखाली एकही प्रकल्प नाही आणि कोणत्या प्रश्नाखाली पाच आहेत, हे दिसू लागते. येथे पहिली प्रतिक्रिया पाचांचे दोन करण्याची असते, कारण बचतीचा आकडा अहवालात छान दिसतो. ती आवरावी. हवामान प्रारूपे, म्हणजे हवामानाची संगणकीय मॉडेल, स्वतंत्रपणे विकसित झाली तरच त्यांच्या निष्कर्षांतील फरकावरून अनिश्चिततेचा अंदाज घेता येतो. जगभरातील प्रारूपांची तुलना करणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. जागतिक तापमानाची नोंद वेगवेगळ्या संस्था वेगवेगळ्या पद्धतींनी तयार करतात आणि ती जुळते, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. टाळण्याजोगी दुबार कामे वेगळी असतात: तोच डेटा दोनदा विकत घेणे, त्याच जिल्ह्यांचे तेच सर्वेक्षण दोन विभागांनी करणे, एकसारखी प्रयोगशाळा उपकरणे दोन ठिकाणी अर्धवेळ पडून असणे.

उणिवा मात्र जवळजवळ नेहमी दोन खात्यांच्या सीमेवर सापडतात, आणि सर्वांत घातक उणीव निरीक्षणांच्या सातत्याची असते. जागतिक हवामान निरीक्षण प्रणालीची तत्त्वे स्पष्ट सांगतात की जुनी निरीक्षण व्यवस्था बंद करण्यापूर्वी नवी व्यवस्था तिच्यासोबत पुरेसा काळ चालली पाहिजे, अन्यथा दोन्हींची मोजमापे एकमेकांशी जोडता येत नाहीत. सूर्याच्या एकूण प्रारणाच्या, म्हणजे सूर्याकडून पृथ्वीपर्यंत येणाऱ्या ऊर्जेच्या, उपग्रहीय नोंदीत हे घडले. मोजणारे एक उपकरण १९८९ मध्ये थांबले. त्याची जागा घेणारे उपकरण १९८६च्या चॅलेंजर दुर्घटनेमुळे रखडून १९९१ मध्ये अवकाशात गेले. मधल्या सुमारे दोन वर्षांची खिंड इतर, कमी अचूक उपकरणांच्या आधारे सांधावी लागली, आणि ती कशी सांधायची यावरून सूर्याच्या तेजात दीर्घकालीन कल आहे की नाही, याबद्दल शास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे मतभेद राहिले. गेलेल्या दिवसाचे मोजमाप नंतर कितीही पैसा ओतला तरी मिळत नाही. म्हणून उणिवांच्या यादीत सातत्य तुटण्याचा धोका असलेल्या निरीक्षणांना नेहमी पहिले स्थान द्यावे.

## पायरी ४ : एका प्रश्नाला एकच प्रमुख संस्था

प्रत्येक प्रश्नासाठी एक प्रमुख संस्था आणि हव्या तितक्या साहाय्यक संस्था नेमाव्यात. ‘संयुक्त जबाबदारी’ हा शब्दप्रयोग आदेशात येऊ देऊ नये. प्रमुख संस्थेने तीन गोष्टींची हमी द्यायची: वर्षाचा आराखडा, अडचण आल्यास वेळेवर सूचना, आणि निर्णय घेणाऱ्याच्या हाती पडणारे अंतिम उत्पादन. ते उत्पादन अहवाल असेल, नकाशा असेल वा मानकाचा मसुदा.

समान अधिकारांची भागीदारी कोठे जाऊ शकते, हे अमेरिकेच्या ध्रुवीय कक्षेतील हवामान उपग्रहांच्या एकत्रित कार्यक्रमाने दाखवले. १९९४ मध्ये नागरी आणि लष्करी उपग्रह एकत्र केले तर पैसा वाचेल, या हेतूने तीन संस्थांनी तो सुरू केला. अंदाजित खर्च सुमारे ७ अब्ज डॉलरवरून १५ अब्ज डॉलरच्या आसपास पोहोचला. २००६च्या फेररचनेत उपग्रहांची संख्या घटवली गेली आणि हवामानबदलाच्या नोंदींसाठीची अनेक उपकरणे गाळली गेली. २०१० मध्ये कार्यक्रमच विभागून टाकावा लागला. निर्णयाचे अधिकार तीन संस्थांच्या कार्यकारी समितीकडे होते, पण संरक्षण विभागाचा खरेदीचे अधिकार असलेला सदस्य तिच्या बैठकींना येत नव्हता, अशी नोंद लेखापरीक्षणात आहे. येथे आणखी एक गोष्ट पाहावी: कपात करायची वेळ आली तेव्हा दैनंदिन अंदाजाची उपकरणे टिकली आणि दीर्घकालीन नोंदींची गेली. ज्या उद्दिष्टाला स्वतंत्र वाली नसतो, त्यावर पहिली कुऱ्हाड पडते.

मोहिमा विषयांनुसार वाटल्या की सीमेवरचे प्रश्न निसटतात. भारताच्या २००८च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ मोहिमा आहेत. त्यांतील हिमालयीन परिसंस्थेची आणि धोरणात्मक ज्ञानाची अशा दोन मोहिमा विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आल्या, तर पाणी, शेती, ऊर्जा कार्यक्षमता यांच्या मोहिमा आपापल्या मंत्रालयांकडे गेल्या. अशा रचनेत हिमनद्यांतून नदीत येणाऱ्या पाण्याचा प्रश्न दोन मोहिमांच्या मध्ये पडतो. अशा प्रश्नांची आधीच स्वतंत्र यादी करून प्रत्येकासाठी प्रमुख संस्था नावानिशी ठरवावी. चर्चेतून आपोआप ठरेल या भरवशावर राहू नये.

तपासणी. समितीवर येणाऱ्या प्रतिनिधीला आपल्या विभागाच्या वतीने निधीचा होकार देता येतो का? येत नसेल, तर त्या खुर्चीवर चुकीची व्यक्ती बसली आहे.

## पायरी ५ : मागण्या पक्क्या होण्याआधी हस्तक्षेप करा

वेळापत्रक उलटे मोजावे. विभाग ज्या दिवशी आपल्या मागण्या वित्त खात्याकडे पाठवतात, त्याच्या साधारण सहा महिने आधी कक्षाने संयुक्त प्राधान्यांचे पत्र काढावे. ते दोन पानांपेक्षा मोठे नसावे. त्यात येत्या वर्षासाठी निवडलेले मोजके प्रश्न, प्रत्येकाची प्रमुख संस्था आणि कोणत्या विभागाकडून कोणता वाटा अपेक्षित आहे, इतकेच असावे. तीन महिने आधी विभागांचे मसुदे मागवून ते पत्राशी ताडून पाहावेत. एक महिना आधी प्रत्येक मागणीवर कक्षाचा लेखी अभिप्राय वित्त खात्याकडे गेलेला असावा.

या तिन्ही तारखांपैकी दुसरी नेमकी चुकते. विभाग म्हणतात की मसुदे गोपनीय आहेत किंवा अजून अंतिम झालेले नाहीत. अंतिम झाल्यावर त्यांचा काही उपयोग नसतो, हे त्यांनाही ठाऊक असते. पूर्वतयारीत मिळवलेला लेखी अधिकार वापरण्याची जागा हीच.

साखळीत जोडलेल्या मागण्यांकडे विशेष लक्ष द्यावे. अंतराळ संस्थेने उपग्रह बांधला, पण जमिनीवरील केंद्र आणि डेटावर प्रक्रिया करणारा गट दुसऱ्या खात्याच्या अर्थसंकल्पातून कापला गेला, तर उपग्रह आकाशात फिरत राहतो आणि नोंदी कोणाच्याच कामी येत नाहीत. अशा जोडमागण्या एकाच क्रमांकाने चिन्हांकित करून ‘एक मंजूर तर दुसरी मंजूर’ अशी शिफारस करावी.

कक्षाकडे स्वतःचा छोटा निधीही असावा. सीमेवरील कामांची सुरुवात, दोन डेटासंच जोडणे, तातडीचे उपकरण तपासणे अशा बाबींसाठी तो लागतो. मात्र तो वाढू देऊ नये. निधी मोठा झाला की कक्ष स्वतःच एक स्पर्धक विभाग बनतो आणि इतर विभाग त्याच्याशी माहिती वाटून घेणे थांबवतात.

## पायरी ६ : विज्ञान आणि तंत्रज्ञान यांच्यातील हस्तांतरण लेखी करा

विज्ञान पुढे आणि तंत्रज्ञान मागे अशी सरळ रेषा गृहीत धरली जाते, ती चुकीची आहे. कार्बन जमिनीखाली साठवण्याच्या तंत्रज्ञानाला गळती शोधण्याचे विज्ञान हवे असते, पवनचक्क्यांच्या आखणीला वाऱ्याच्या दीर्घकालीन नोंदी, आणि जैवइंधनाच्या कार्यक्रमाला जमीनवापर बदलल्याने होणाऱ्या उत्सर्जनाचा हिशेब. दुसऱ्या बाजूने, कोणते तंत्रज्ञान किती वेगाने पसरू शकेल याचे अंदाज हवामान प्रारूपांना पुरवल्या जाणाऱ्या भविष्यातील उत्सर्जनाच्या संभाव्य चित्रांत जातात. दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण असल्यामुळे वेळापत्रकेही जुळावी लागतात. अमेरिकेत विज्ञान कार्यक्रमाची धोरणयोजना जुलै २००३ मध्ये आली आणि तंत्रज्ञान कार्यक्रमाची सप्टेंबर २००६ मध्ये. एकीचा मसुदा दुसरीसमोर ठेवून बेत आखण्याची संधी अशा अंतरामुळे हुकते.

तंत्रज्ञान कोठवर आले हे मोजण्यासाठी नऊ पायऱ्यांची सज्जता पातळी वापरावी. अंतराळ क्षेत्रातून आलेली ही मोजपट्टी प्रत्यक्ष वापरात यशस्वी ठरलेल्या यंत्रणेपाशी संपते. ऊर्जेच्या बाबतीत तेवढे पुरत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था बाजारातील प्रसाराचे टप्पे जोडून अकरा पातळ्या धरते. हस्तांतरणाच्या प्रत्येक टप्प्यावर एक पानाचा दाखला असावा: देणाऱ्या संस्थेने काय सिद्ध केले, घेणाऱ्या संस्थेने तपासून काय मान्य केले, पुढचा निधी कोणत्या लेखाशीर्षातून येईल आणि कोणता निकाल आला तर काम थांबवायचे.

प्रयोगशाळा आणि पहिला पूर्ण आकाराचा प्रकल्प यांच्या मधला टप्पा सर्वांत कोरडा असतो. संशोधन खात्याला तो फार मोठा वाटतो आणि बांधकाम करणाऱ्या खात्याला फार जोखमीचा. कोणत्या खात्याने हा भार घ्यायचा हे प्रकल्पागणिक भांडून ठरवू नये. सज्जता पातळी पाच-सहाच्या पुढचा खर्च कोणाचा, हे एकदाच धोरण म्हणून ठरवून टाकावे.

इशारा. थांबण्याची अट काम सुरू होण्यापूर्वीच लिहावी. प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन झाल्यावर तो थांबवण्याची शिफारस करणारा अधिकारी सापडत नाही.

## पायरी ७ : डेटाचे नियम निधीच्या अटींत घाला

डेटा वाटून घेण्याबाबतचे सामंजस्य करार बहुधा सद्भावनेवर संपतात. त्याऐवजी अनुदानाच्या अटींतच लिहावे की डेटा कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत आणि कोठे जमा होईल, आणि तो जमा होईपर्यंत शेवटचा हप्ता रोखला जाईल. महासागरात बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजणाऱ्या आर्गो तरंडकांचा आदर्श येथे घ्यावा. अनेक देशांनी मिळून चालवलेल्या या जाळ्याने नोव्हेंबर २००७ मध्ये ३००० तरंडकांचे लक्ष्य गाठले. त्यांची मापने साधारण एका दिवसात सर्वांना खुली होतात आणि काळजीपूर्वक तपासलेली आवृत्ती नंतर निघते. जलद पण कच्ची आणि सावकाश पण पक्की अशा दोन आवृत्त्यांचा हा नियम इतर निरीक्षणांनाही लावता येतो, आणि ‘अजून तपासणी बाकी आहे’ या नेहमीच्या सबबीला त्याने परस्पर उत्तर मिळते.

मापनासोबत उपकरण कोणते होते, ते कधी बदलले, त्याचे अंशांकन (प्रमाणित मापाशी जुळवणी) कधी झाले, केंद्र कधी हलवले याची नोंद नसेल, तर वीस वर्षांनंतर त्या डेटातील बदल हवामानाचा की उपकरणाचा हे सांगता येणार नाही. ही नोंद ठेवण्याचा आणि डेटा सांभाळण्याचा खर्च प्रकल्पाच्या मूळ अंदाजपत्रकातच धरावा.

## पायरी ८ : निष्कर्षांची मुदत मागे मोजा

संशोधन आणि मूल्यांकन यांची वेळापत्रके वेगळी चालली, तर चांगले काम केवळ उशिरामुळे वाया जाते. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या सहाव्या अहवालाचा विज्ञानविषयक भाग ऑगस्ट २०२१ मध्ये आला, पण त्यात विचारात घेण्यासाठी शोधनिबंध ३१ जानेवारी २०२१ पर्यंत स्वीकारला गेलेला असणे आवश्यक होते. निबंधाच्या परीक्षणाला वर्षभर, विश्लेषणाला वर्षभर आणि प्रारूपांच्या गणनेला आणखी काही महिने धरले, तर ज्या प्रकल्पाचे उत्तर अहवालात हवे आहे, त्याला निधी किमान तीन वर्षे आधी मिळायला हवा होता. राष्ट्रीय मूल्यांकनांनाही हाच हिशेब लागू पडतो. ब्रिटनमध्ये २००८च्या कायद्यानुसार दर पाच वर्षांनी जोखमीचे मूल्यांकन होते आणि त्यामागोमाग अनुकूलनाचा कार्यक्रम येतो, त्यामुळे संशोधकांना पुढची तारीख आधीच ठाऊक असते. निश्चित आवर्तनाचा हा फायदा मोठा आहे.

## पायरी ९ : वार्षिक आढावा आणि बंद होणारी कामे

आढाव्यात ‘किती बैठका झाल्या’ हा आकडा येऊ देऊ नये. विचारायचे प्रश्न चार: पायरी १ मधील कोणत्या निर्णयाला या वर्षी उत्तर मिळाले, कोणती जोडमागणी तुटली, कोणत्या निरीक्षणाचे सातत्य पुढील दोन वर्षांत धोक्यात आहे, आणि कक्षाच्या अभिप्रायामुळे कोणती मागणी प्रत्यक्ष बदलली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षे सलग शून्य आले, तर कक्षाचा लेखी अधिकार पुन्हा मिळवण्यासाठी वरिष्ठांकडे जावे. आणखी अहवाल काढून ती उणीव भरत नाही. आढावा बाहेरच्या तज्ज्ञांकडून करून घ्यावा, आणि त्यात निर्णय घेणाऱ्यांपैकी किमान एक-दोघे असावेत.

प्रकल्प संपताना एक नोंद आवर्जून करावी. डेटा कोणाकडे गेला, उपकरणे कोणाच्या साठ्यात जमा झाली, कंत्राटी शास्त्रज्ञांचे पुढे काय, आणि ज्या प्रकल्पांच्या ‘अवलंबून’ रकान्यात याचे नाव आहे त्यांना कळवले का, हे तपासल्याशिवाय नोंदवहीतील नोंद बंद करू नये. यातील चौथी बाब राहून गेल्याचे बहुधा पुढील वर्षीच्या मागण्या येतात तेव्हाच कळते, आणि तोवर दुसऱ्या प्रकल्पाने नसलेल्या डेटाच्या आधारावर आपला आराखडा तयार केलेला असतो.